नंबर बरोबर, काच बरोबर

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आमचे चष्म्याचे दुकान आहे. वडिलांनी ते थाटले तेव्हा एकाच काउंटरवर एका बाजूला घड्याळे आणि दुसऱ्या बाजूला चष्मे असत. पुढे मनगटी घड्याळांच्या दुरुस्तीचा धंदा बसला, चष्म्यांचा राहिला. बाहेर हातगाड्यांची रांग असते, रमजानात तर पाय ठेवायला जागा नसते. आत मात्र गिऱ्हाईक खुर्चीवर बसले, डोळ्यांवर ट्रायल फ्रेम चढली, की त्याला बाहेरचा गलका ऐकू येईनासा होतो. भिंतीवरची अक्षरे तेवढी त्याच्यासमोर उरतात. आमच्याकडे तीन तक्ते आहेत. एक देवनागरीचा, एक उर्दूचा आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी तीन दांड्यांचा. कोण कोणता तक्ता मागतो यावरून आम्ही त्याची शाळा, त्याचा जमाना ओळखतो.

आमची थोरली मुलगी सध्या बंगळुरूला असते. ती काय करते, हे मोहल्ल्यात समजावून सांगणे हे आम्हांला पडलेले रोजचे काम आहे. पीएच.डी. झाली तेव्हा लोक म्हणाले, ‘‘माशाअल्लाह, डॉक्टर झाली. दवाखाना कुठं टाकणार?’’ आता ती पोस्टडॉक करते म्हटल्यावर शेजारच्या अत्तरवाल्या चाचांनी विचारले, ‘‘म्हणजे पोस्टात लागली का? सरकारी आहे, चांगलं आहे.’’ आम्ही हसलो. पण खरे सांगायचे तर चार वर्षांपूर्वी आम्हांलाही याहून फारसे अधिक कळत नव्हते. चाचांचे न कळणे कोणाला नडले नाही. आमचे न कळणे मुलीला नडले. तेच इथे सांगायचे आहे. लेखभर ‘आम्ही’ म्हणतो आहोत ते मोठेपणा म्हणून नव्हे. चूक एकट्या कोणाची नव्हती, साऱ्या घराची होती, म्हणून.

गोष्ट सुरू होते ती आमच्या भाच्यापासून. बहीण त्याला दुकानात घेऊन आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. शाळेत फळ्यावरचे दिसत नाही अशी तक्रार होती. आम्ही त्याचा उजवा डोळा झाकला आणि डाव्या डोळ्याचा नंबर काढू लागलो. काचा बदलत गेलो. एक, दीड, दोन, तीन. नंबर अगदी बरोबर लागला. यंत्रावरही तोच, हाताने काढला तरी तोच. पण पोरगा वरच्या दोन ओळींच्या खाली जाईना. ‘‘मामू, काच साफ आहे, पण अक्षरं एकमेकांत घुसतात,’’ तो म्हणाला. आम्ही त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी सांगितले, डोळ्यात दोष नाही, डोळा आळशी आहे. लहानपणापासून त्या डोळ्याचा नंबर जास्त होता, कोणाच्या ध्यानात आले नाही, मेंदूने दुसऱ्या डोळ्यावरच काम भागवले. चार-पाच वर्षांचा असताना चष्मा लावून चांगला डोळा रोज थोडा वेळ झाकून ठेवला असता तर पुष्कळ फरक पडला असता.

मुलगी तेव्हा नववीत होती. शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची, काचा पुसायची, पावत्या लिहायची. तिने त्या दिवशी विचारले, ‘‘अब्बा, नंबर बरोबर आहे, काच बरोबर आहे, डोळाही बरोबर आहे, मग बघत कोण नाही?’’

तीस वर्षे चष्मे विकणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. आम्ही म्हणालो, ‘‘बेटा, ते मोठ्या डॉक्टरांचं काम.’’ तिने तो प्रश्न ठेवून घेतला.

त्या प्रश्नाचे उत्तर पुढे तिनेच आम्हांला सांगितले, हप्त्याहप्त्याने, जेवताना, कधी दुकान बंद करताना. १९५५ साली टॉर्स्टन वीझल नावाचा तरुण स्वीडनहून अमेरिकेत बाल्टिमोरला आला. वैद्यकीय शिक्षण पुरे झालेले, पण कायमची नोकरी नाही, अशा अवस्थेत तो स्टीफन कफलर यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. १९५८ साली तिथे डेव्हिड ह्यूबेल येऊन मिळाले. दोघे मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीजवळ बारीक तार नेऊन ती पेशी काय पाहून जागी होते ते ऐकत बसत. पडद्यावर ठिपके दाखवून दाखवून थकले, पेशी गप्प. मग यंत्रात काचेची पट्टी सरकवताना पट्टीच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून सरकली आणि पेशी कडकडून बोलू लागली. तिला ठिपका नको होता, रेघ हवी होती, तीही ठरावीक कलाची. नंतर त्यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून पाहिला. डोळा उघडल्यावर तो निरोगीच होता, पण मेंदूतल्या पेशी त्याचे ऐकेनाशा झाल्या होत्या. आमच्या भाच्याची तीच गत. १९८१ साली दोघांना नोबेल मिळाले.

ही हकिकत सांगताना मुलगी एका गोष्टीवर बोट ठेवी. ‘‘अब्बा, वीझल तेव्हा ना विद्यार्थी होता, ना प्रोफेसर. मधल्या वर्षांत होता. त्या मधल्या वर्षांनाच पोस्टडॉक म्हणतात.’’

आमच्याकडे या मधल्या वर्षांना नाव नाही. आमच्या हिशेबात माणूस शिकतो, मग कमावतो. मुलगी असेल तर शिकते, मग तिचे लग्न होते. शिकूनही झाले आणि नोकरीही पक्की नाही, दोन-तीन वर्षांचा करार, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत पण आपला प्रश्न घेऊन काम, तेही घरापासून दूर, अशी जागा आमच्या नजरेत बसतच नव्हती. समोर असून दिसत नव्हती म्हणा ना.

मुलीने संगणकशास्त्रात एम.एस्सी. केले आणि इथल्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव घातले. विषय होता साखरेच्या आजारात डोळ्याच्या पडद्यावर होणाऱ्या बिघाडाचा. पडद्याच्या फोटोवरून संगणकाने तो बिघाड ओळखायचा. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपचा तिला आधार होता. ही फेलोशिप २००९-१० मध्ये अल्पसंख्याक समाजातल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली होती. २०२२-२३ पासून ती नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली; इतर योजनांशी ती जुळते असे कारण सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. आमची मुलगी त्याआधी पार पडली. तिच्या मागून येणाऱ्या मोहल्ल्यातल्या दोन पोरींना मात्र ते दार मिळाले नाही. त्यांच्याकडे पाहिले की आपल्या घरात आलेल्या संधीची किंमत कळते, आणि आपण तिचे काय केले हेही आठवते.

२०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद, शहर बंद. मुलगी दिवसभर खोलीत संगणकासमोर. त्या जुलैत न्यूरोमॅच अकॅडमी या नावाने जगभरच्या शास्त्रज्ञांनी तीन आठवड्यांची शाळा भरवली, सगळी घरबसल्या. मेंदूचे काम गणिताने आणि संगणकाने कसे समजून घ्यायचे, हे तिथे शिकवत. आमच्या मुलीला तिथे पहिल्यांदा कळले की तिने नववीत विचारलेल्या प्रश्नाचे एक अख्खे शास्त्र आहे. डोळ्यांतून आलेला उजेड मेंदू कसा उलगडतो, ते संगणकावर रचून पाहायचे आणि मग खऱ्या मेंदूशी ताडून पाहायचे, असे ते शास्त्र.

तिने समजावले ते आमच्या शब्दांत असे. ह्यूबेल आणि वीझल यांना मेंदूत रेघा ओळखणाऱ्या पेशी दिसल्या. त्यावरून कुनिहिको फुकुशिमा या जपानी संशोधकाने १९८० साली संगणकासाठी थरांची एक रचना मांडली. खालचा थर रेघा पाहील, वरचा थर रेघांचे आकार जुळवील, त्याच्या वरचा अक्षर ओळखील. २०१२ नंतर अशाच रचनांनी फोटोतल्या वस्तू ओळखण्यात मोठी मजल मारली. मग काहींनी उलटा प्रश्न केला. वस्तू ओळखायला शिकलेल्या या यंत्राचे आतले थर मेंदूच्या थरांशी जुळतात का? २०१४ साली एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेतून उत्तर आले की बऱ्याच अंशी जुळतात. ज्याचे नाव त्या निबंधावर पहिले होते तो डॅनियल यमिन्स गणितात पीएच.डी. करून तिथे पोस्टडॉक म्हणून आलेला होता. ‘‘डॉक्टरकी न शिकलेला माणूसही मेंदूचं काम करू शकतो, अब्बा,’’ हे सांगताना तिचा चेहरा आम्ही पाहिला होता. पाहिला, पण त्यातून जे वाचायचे ते वाचले नाही.

२०२१ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली. २०२२ च्या उन्हाळ्यात तिने युरोपातल्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुखांना पत्र लिहिले. कोणाची ओळख नाही, शिफारस नाही. आठ दिवसांत उत्तर आले. त्यांनी संगणकावरून तासभर बोलणे केले आणि म्हणाले, आपण दोघे मिळून मारी क्युरी फेलोशिपसाठी अर्ज करू, मुदत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आहे, मसुदा पाठवा. ती नाचतच खाली आली.

आम्ही काय केले? तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा चांगला, घर ओळखीचे. आम्ही म्हणालो, ‘‘बेटा, थोडं थांब. आत्ता परदेशाचं नाव काढलं तर ते लोक मागे सरतील. एकदा तारीख ठरू दे, मग बघू.’’ अम्मी म्हणाली, ‘‘फेलोशिप काय, पुढच्या वर्षी पण येते.’’ तिच्या फुफीने तर विचारले, ‘‘दोन वर्षांची नोकरी, ती काय नोकरी?’’ आम्ही तिला नाही म्हटले नाही. हेच आमचे मोठे पाप. नाही म्हटले असते तर ती भांडली असती. आम्ही ‘थांब’ म्हटले, आणि ती थांबली.

सप्टेंबर गेला. त्या प्रमुखांनी सभ्यपणे कळवले की या वर्षी ते दुसऱ्या उमेदवाराबरोबर अर्ज करीत आहेत. दिवाळीनंतर मुलाकडूनही निरोप आला, मुलगी फार शिकलेली आहे, आमच्या मुलाला जड जाईल. एकाच हिवाळ्यात दोन्ही दारे लागली. मुलीने आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. ती एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला जाऊ लागली. रात्री तिच्या खोलीतला दिवा लवकर बंद होऊ लागला. कोणी दुकानात काही तोडून गेले तर भरपाई मागता येते. याची कोणाकडे मागणार?

तिच्या मुकेपणानेच आम्हांला शिकायला लावले. आम्ही तिला म्हणालो, ‘‘आता तू आम्हांला शिकव. हे काय असतं, कुठं असतं, कसं मिळतं.’’ पहिल्यांदा तिला विश्वास वाटला नाही. मग ती हळूहळू सांगू लागली. चष्म्याचा हिशेब लिहितो त्या वहीच्या मागच्या पानांवर आम्ही ते उतरवून घेतले. वाचकांच्या घरी अशी मुलगी किंवा मुलगा असेल, म्हणून त्यातले थोडे इथे देतो.

पोस्टडॉकला प्रवेशपरीक्षा नसते, गुणवत्ता यादी नसते, शिकवणी नसते. बहुतेक वेळा सुरुवात एका पत्राने होते. ज्यांच्याकडे काम करायचे त्यांचे दोन-चार निबंध नीट वाचायचे, आणि तुमच्या या कामात मला हा प्रश्न दिसतो, माझ्याजवळ हे कौशल्य आहे, असे एका पानात लिहायचे. सोबत आपल्या कामाची यादी, दोन-तीन शिक्षकांची शिफारसपत्रे आणि आपण लिहिलेले संगणकाचे प्रोग्राम कोणालाही पाहता येतील असे उघडे ठेवलेले. काही जागांचा पगार प्रयोगशाळेच्या प्रकल्पातून येतो, काहींसाठी उमेदवाराने स्वतः फेलोशिप आणायची असते.

आपल्या देशात राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. पूर्वी ती एस.ई.आर.बी. ही संस्था देई, आता ते काम अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या नावाची पोस्टडॉक जागा असते. त्याच संस्थेच्या मेंदूविज्ञान केंद्रात एस. पी. अरुण यांची दृष्टीवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. ते स्वतः मुंबईच्या आय.आय.टी.तून विद्युत अभियांत्रिकी शिकलेले. पुण्याच्या आयसरमध्येही मेंदूचे गणित मांडणारे संशोधक आहेत, आणि पुणे तर आपल्याला बसने एका दिवसाचे. परदेशासाठी युरोपची मारी क्युरी आहे. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची एक फेलोशिप तर खास अशांसाठी आहे ज्यांनी पीएच.डी. गणित, पदार्थविज्ञान किंवा संगणकात केली आणि आता जीवशास्त्राकडे वळायचे आहे. ती तीन वर्षांची असते. नियम दरवर्षी थोडे बदलतात, ते ताजे पाहून घ्यावेत. पण एक नियम जवळजवळ सगळीकडे आहे, आणि आम्हांला तो फार उशिरा कळला. पीएच.डी. नंतर किती वर्षे झाली, किंवा वय किती, हे मोजले जाते. म्हणजे ‘पुढच्या वर्षी पण येते’ हे अम्मीचे बोलणे अर्धेच खरे होते. फेलोशिप पुढच्या वर्षी येते, आपली वर्षे परत येत नाहीत.

शेजारचे चाचा पोस्टाचे म्हणाले होते ते अगदीच चुकीचे नव्हते असे आता वाटते. सगळे एका पत्रावरच तर चालते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पासून जीवशास्त्राचा नवा विभाग ज्यांनी उभा केला ते ओबैद सिद्दीकी उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, अलीगढला शिकलेले. ग्लासगोला पीएच.डी. करून ते अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्याकडे पोस्टडॉक होते. लिओ झिलार्ड या थोर शास्त्रज्ञाने त्यांच्याविषयी होमी भाभांना लिहिले, आणि सिद्दीकी मुंबईला आले. पुढे त्यांनी फळमाशीला वास आणि चव कशी कळते यावर आयुष्य घातले आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारले. २०१३ साली ते गेले. आम्ही शहागंजात राहून त्यांचे नाव मुलीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले, याची लाज वाटली.

नाव आम्हांला ठाऊक होते ते इब्न अल-हैसम यांचे. जलशांत, भाषणांत ते हमखास येते. एकदा आम्ही अभिमानाने म्हणालो, ‘‘बेटा, डोळ्याचं शास्त्र तर आपल्याच लोकांनी सुरू केलं.’’ ती म्हणाली, ‘‘अब्बा, त्यांनी काय केलं ते पण बघा ना. ते बसऱ्याचे, काम करायला काहिराला गेले. डोळ्यातून किरण बाहेर पडतात असं मोठेमोठे यूनानी लोक म्हणत होते, त्यांनी ते तपासून नाकारलं. उजेड वस्तूवरून डोळ्यात येतो हे तर सांगितलंच, पण वस्तू ओळखायला नुसता डोळा पुरत नाही, आठवण आणि अंदाज लागतो, हेही लिहिलं. हजार वर्षांपूर्वी. पोट भरायला ते ग्रंथांच्या नकला करत, असं चरित्रकार सांगतात. ते पण मधलीच वर्षं काढत होते.’’

मग तिने एक गोष्ट सांगितली. इब्न अल-हैसम यांच्या त्या ग्रंथावर कमालुद्दीन फारसी यांनी लिहिलेले मोठे भाष्य आहे. ते १९२८ ते १९३० या काळात छापले गेले, ते हैदराबादच्या दाइरतुल मआरिफने. म्हणजे आमचे वडील जन्मले त्या रियासतीत, औरंगाबाद ज्या रियासतीचे शहर होते तिथे. त्याच काळात मौलवी अब्दुल हक यांची अंजुमन तरक्की-ए-उर्दू याच शहरात होती, १९३८ मध्ये ती दिल्लीला गेली. शास्त्राच्या शब्दांना उर्दू शब्द कोणते द्यायचे यावर इथे बसून माणसे काम करीत होती. आम्ही नान-खलियाच्या आणि मकबऱ्याच्या गोष्टी पाहुण्यांना सांगत राहिलो. ही गोष्ट आम्हांला कोणी सांगितली नव्हती, आणि आम्हीही विचारली नव्हती.

२०२४ मध्ये तिने पुन्हा पत्र लिहायला घेतले. या वेळी ती प्रश्न शोधायला बाहेर गेली नाही. तिचे लक्ष भिंतीवरच्या तक्त्यांकडे गेले.

आमच्या घरात दोन लिप्या नांदतात. देवनागरी डावीकडून, उर्दू उजवीकडून. देवनागरीत शब्द शिरोरेघेला टांगलेला, अक्षरे सुटी. पण ‘कि’ची पहिली वेलांटी हाताने आधी काढायची आणि तोंडाने नंतर उच्चारायची. उर्दूत बे, पे, ते यांचा देह एकच, फरक नुक्त्यांचा. शब्दात जागा बदलली की अक्षराचा आकार बदलतो, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचे. हिंदी आणि उर्दू दोन्ही वाचणाऱ्यांवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की उर्दू शब्द उच्चारायला लोकांना हिंदी शब्दापेक्षा जास्त वेळ लागतो. बंगळुरूच्या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये तेलुगू आणि मल्याळम वाचणाऱ्यांवर काम केले. वाचायची सवय झाली की शब्दातली अक्षरे नजरेला एकमेकांपासून अधिक सुटी दिसू लागतात, असे त्यात आढळले. ‘‘आपल्या तक्त्यांसमोर तर दोन्ही लिप्यांचे लोक रोज बसतात, अब्बा. एकाच डोक्यात या दोन रीती कशा राहतात? संगणकाला दोन्ही लिप्या शिकवल्या तर तो तिथंच अडेल का जिथं माणूस अडतो? भाच्याच्या आळशी डोळ्याला अक्षरं एकमेकांत घुसलेली दिसत, ते कोणत्या लिपीत जास्त होतं?’’

आम्ही आयुष्यभर या दुहेरीपणाला ओझे समजत आलो. मराठी शाळेत घातले तर उर्दू जाते, उर्दू शाळेत घातले तर मराठी कच्चे राहते, हीच चिंता. तिने त्या ओझ्याचा प्रश्न केला, आणि प्रश्नाचे एक पान.

तेरा पत्रे गेली. सहा जणांनी उत्तरच दिले नाही, चौघांनी जागा नाही म्हणून कळवले, दोघांनी पुढच्या वर्षी विचारा म्हटले. पदवीवर शहराचे नाव औरंगाबाद, नव्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर, त्यामुळे एकाने ही दोन गावे आहेत का असेही विचारले. तेरावे उत्तर बंगळुरूहून आले. २०२५ च्या जुलैत आम्ही दोघे तिला पोहोचवायला गेलो. अम्मीने वसतिगृहाच्या खोलीत जानमाज अंथरून दिशा विचारून घेतली, चटणीची बरणी कपाटात ठेवली आणि बाहेर येऊन रडली. आम्ही म्हणालो, ‘‘दोन वर्षांचं तर आहे.’’ हेच वाक्य तीन वर्षांपूर्वी घरात टोमणा म्हणून बोलले गेले होते.

एक गोष्ट तिने तिथून अलीकडे सांगितली, ती मनातून जात नाही. दिल्लीत पवन सिन्हा यांनी २००५ मध्ये प्रोजेक्ट प्रकाश सुरू केला. जन्मापासून मोतीबिंदूने आंधळ्या असलेल्या, गरिबीमुळे वेळेवर शस्त्रक्रिया न झालेल्या मुलांची दृष्टी परत मिळवून द्यायची, आणि ती कशी पाहायला शिकतात ते समजून घ्यायचे. २०११ मध्ये त्यांनी पाच मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पट्टी निघाली, उजेड आत आला, पण हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता येईना. थोड्या दिवसांच्या सवयीने ती मुले ओळखू लागली. जी मुले आठ वर्षांच्या पुढची होती, ज्यांची वेळ गेली असे जुने शास्त्र म्हणाले असते, तीही पुष्कळ शिकली. २०१८ मध्ये त्याच गटाने संगणकाच्या रचनेला आधी पुसट आणि मग स्वच्छ चित्रे दाखवून शिकवले, तर ती पुसट चेहरेही ओळखायला जास्त चांगली शिकली. नवजात बाळाला सुरुवातीला धूसर दिसते, त्यातही काही फायदा असावा, असे ते म्हणतात.

आम्ही तिला विचारले, ‘‘म्हणजे उशिरा दिसलं तरी चालतं?’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, ‘‘पुष्कळ मिळतं, अब्बा. सगळं नाही मिळत.’’

तिने ते मुलांबद्दल म्हटले असेल. आम्ही ते आमच्याबद्दल ऐकले.

आता ती फोनवर एक चाचणी पाठवते. पडद्यावर शब्द येतो, कधी उर्दू, कधी मराठी, तो खरा शब्द आहे की बनावट, ते बटण दाबून सांगायचे. ही अजून कच्ची चाचणी आहे, घरच्यांवर चालवून पाहायची. दुपारी गिऱ्हाईक नसते तेव्हा आम्ही आणि अम्मी काउंटरमागे बसून बटणे दाबतो. भाचाही येतो, तो आता मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. अम्मी उर्दूत आमच्या पुढे जाते, मराठीत आम्ही. भाचा दोन्हीत हळू आहे, पण एक डोळा झाकून पुन्हा करून पाहू का, असे त्याने स्वतःहून विचारले.

मागच्या जुम्याला चेलीपुऱ्याकडची एक बाई मुलीला घेऊन चष्म्याला आली. मुलगी पदार्थविज्ञानात पीएच.डी. संपवत आली आहे. नंबर काढून झाल्यावर आई म्हणाली, ‘‘भाई, आता हिचं काय करायचं? लग्नाचं बघायचं की नोकरीचं?’’ आम्ही काउंटरच्या काचेखाली हात घातला. तिथे आमच्या मुलीने लावून दिलेला कागद आहे. डाव्या बाजूला देवनागरीत, उजव्या बाजूला उर्दूत, कोणत्या फेलोशिपचा अर्ज कोणत्या महिन्यात भरायचा ते लिहिलेले. आम्ही तो बाहेर काढला आणि त्या मुलीसमोर ठेवला. तिने नवा चष्मा घातला आणि वाचू लागली.